इच्छा कुठून येते? लॉकला विचारू, लॉकलाही तपासू

"गरीब गरीबच राहतो, कारण त्याला कष्ट करायची इच्छाच नसते." हे वाक्य आपण कितीदा ऐकतो! मित्रांनो, चिडण्याआधी समोरच्याला विचारा : इच्छा येते कुठून?

सतराव्या शतकातील युरोपीय तत्त्वज्ञांनी हा प्रश्न पाप-पुण्याच्या कचाट्यातून बाहेर काढला. 1651 मध्ये हॉब्जने 'लेव्हायथन'मध्ये ओढ आणि तिटकारा म्हणजे शरीरातील सूक्ष्म हालचालीच, असे मांडले. आजचे मानसशास्त्रही माणसाचे वागणे 'जवळ जाणे' आणि 'टाळणे' या जोडीत तपासते. स्पिनोझाने भूमितीतल्या रेषांसारखा भावनांचा अभ्यास करायला घेतला. त्याचे 'एथिक्स' 1677 मध्ये, मृत्यूनंतर छापले गेले. इच्छा हा निंदेचा नव्हे, कारणे शोधण्याचा विषय झाला.

जॉन लॉक आणखी पुढे गेला. आपल्या मुख्य ग्रंथाच्या 1694 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपलेच मत बदलले. मोठे भले नुसते दिसले म्हणून माणूस हलत नाही; आत्ता टोचणारी अस्वस्थता त्याला हलवते. 1943 मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यानेही उणिवेतून येणारा ताण कमी करण्याची धडपड हीच प्रेरणा मानली. दोघांच्या विचारातले साम्य उघड आहे.

पण हाच लॉक 1697 मध्ये इंग्लंडच्या व्यापार मंडळाचा सदस्य म्हणून काय लिहितो? गरीब वाढले ते कामाच्या टंचाईने नव्हे, तर शिस्त ढिली झाल्याने आणि नीती बिघडल्याने! तीन वर्षांवरच्या गरीब मुलांना कामाच्या शाळेत घाला, असा त्याचा प्रस्ताव होता. ती योजना कायदा झाली नाही, पण तो विचार आजही जिवंत आहे.

आमचा आक्षेप इथे आहे. प्रेरणा माणसाच्या आत शोधली. कष्टाला बाहेर काय फळ मिळते, हे विचारलेच नाही. 1911 मध्ये थॉर्नडाइकने नियम मांडला : ज्या कृतीनंतर समाधान मिळते, ती पक्की होते. मग ज्याच्या घामाला पिढ्यान्‌पिढ्या दाम मिळाला नाही, त्याचा उत्साह विझला तर दोष त्याच्या स्वभावाचा की दाम बुडवणाऱ्या व्यवस्थेचा?

म्हणून लॉकला डोक्यावर घेऊ नका, फेकूनही देऊ नका. अभ्यासवर्गात 1694 चा आणि 1697 चा लॉक शेजारी ठेवून वाचा. त्याची पद्धत घ्या आणि तीच त्याच्या पूर्वग्रहाला लावा.