विंचवाची गाडी विकायची का?

‘वहिनी, आता ती विंचवाची गाडी काढून टाका,’ हा सल्ला मला गेल्या दिवाळीपासून फुकटात आणि भरपूर मिळतोय. दीर सांगतात, दुकानात युरिया न्यायला आलेले शेतकरी सांगतात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या एका मावशींनीही वाण घेता घेता सांगितलं. सगळ्यांचं म्हणणं साधारण सारखंच. गाडी दहा वर्षांची झाली, ते मॉडेल बंद पडलं, आणि मुळात बाईमाणसाला असली पळणारी गाडी हवी कशाला? पहिले दोन मुद्दे मला मान्य आहेत. तिसऱ्यावर बोलायचं म्हणून आज लिहायला बसले.

‘विंचवाची गाडी’ म्हणजे काय, हे आधी सांगते. फियाटची पुंटो आठवते ना? तिचीच ही तापट बहीण, अबार्थ पुंटो. ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि दिल्लीतली शोरूमची किंमत दहा लाखांना पाच हजार कमी. त्या काळी दहा लाखांच्या आत एवढ्या ताकदीची हॅचबॅक दुसरी नव्हती. कार्लो अबार्थ नावाच्या गृहस्थाने १९४९ मध्ये इटलीत शर्यतीच्या गाड्यांची कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून कंपनीचं चिन्ह विंचू. माझ्या गाडीच्या नाकावर विंचू, स्टिअरिंगवर विंचू. गावातल्या पोरांनी नाव ठेवलं ते तिथूनच. डिकीत बियाण्यांची पाकिटं आणि औषधांचे खोके कायम भरलेले असतात, त्यामुळे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर ही म्हणही तिला शोभते.

मला तिचं खरं कौतुक आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. इटालियन नावाची ही गाडी आमच्या शिरूर तालुक्यात तयार झालेली आहे! रांजणगावच्या एमआयडीसीत, महागणपतीच्या अंगणात म्हणा ना, फियाट आणि टाटांचा भागीदारीतला कारखाना आहे. २००९ मध्ये तिथून लिनिआ आणि ग्रँड पुंटो बाहेर पडल्या, पुढे ही अबार्थ. २०१७ पासून तिथे जीपची कंपासही होऊ लागली. आमच्या भागातली कितीतरी मुलंमुली त्या वसाहतीतल्या कारखान्यांत कामाला जातात. माझा धाकटा भाऊ तेव्हा तिथेच एका कारखान्यात ट्रेनी होता. ‘ताई, आपल्या तालुक्यात स्पोर्ट्स कार होतीये,’ असं सांगत तो घरी आला, तेव्हा मला वाटलं, थट्टा करतोय.

२०१८ मध्ये मी ती पुण्यातून वापरलेली घेतली. आमच्या कृषी सेवा केंद्राच्या कमाईतून, थोडं कर्ज काढून आणि स्वतःच्या नावावर. हे शेवटचं मुद्दाम सांगतेय. आमच्या या भीमाकाठच्या उसाच्या पट्ट्यात बहुतेकींचं नाव सातबाऱ्यावर लागतं ते नवरा गेल्यावर. आरसी बुकावर माझं नाव मात्र मी धडधाकट नवऱ्यासमोर लावून घेतलं.

आता विकण्याच्या बाजूचं बोलू. पहिलं कारण म्हणजे सासूबाईंचे गुडघे. गाडी नेहमीच्या पुंटोपेक्षाही खाली बसवलेली. आत शिरायचं म्हणजे आधी टेकायचं, मग एकेक पाय आत घ्यायचा, आणि उतरताना दोघींनी हात धरून ओढायचं. त्या तोंडाने काही बोलत नाहीत. पण गेल्या खेपेला दौंडला डॉक्टरांकडे निघालो, तेव्हा म्हणाल्या, ‘तू हो पुढं, मी येष्टीनं येते.’ काय समजायचं ते मी समजले.

दुसरं कारण रस्ते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी वाटांना अशा खोल चाकोऱ्या पडतात की माझी गाडी पोट घासत चालते. तिसरं, सुटे भाग. फियाटच्या गाड्यांची विक्री भारतात २०१९ मध्ये थांबली, आणि मॉडेल बंद झालं की कुठल्याही गाडीचं पुढे तेच होतं.

चौथं कारण तर आमच्याच शेतात उगवतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठलं, आधी ठरवलेल्या २०३० च्या पाच वर्षं आधी. त्यातलं बरंच इथेनॉल उसाचं. ऊसवाल्यांना त्याचा आधार झाला, हे नाकारून चालणार नाही. पण २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या एवढ्या इथेनॉलसाठी घडवलेल्या नाहीत. सरकार म्हणतं, मायलेज थोडं उतरेल, जुन्या गाड्यांतले काही रबरी भाग आणि गॅस्केट लवकर बदलावे लागतील, बाकी काळजीचं कारण नाही. म्हणजे उसाच्या बिलातलं थोडं रबरी नळ्यांना! नवऱ्याला यात फार गंमत वाटते. मला नाही वाटत.

ही झाली खरी कारणं. लोक जी ठासून सांगतात, ती मात्र तपासली की उरत नाहीत. ‘दहा वर्षं झाली, आता सरकारच भंगारात काढणार,’ हे त्यातलं सगळ्यात लाडकं. मैत्रिणींनो, डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षं ही चर्चा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागाची. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि त्यानंतर गाडी धड आहे हे तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ती दहा हजार केली. माझी गाडी २०१६ ची. तिला २०३१ पर्यंत कुणी हात लावत नाही.

‘आत्ताच विका, किंमत तरी येईल,’ हेही तसंच. विम्याच्या तक्त्यात गाडी पाच वर्षांची होईतो तिची किंमत निम्म्यावर येते. जी पडायची ती पडून झाली. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त मिळत असताना माझ्या जुनीला कोण जास्त देणार?

गाडी विकण्याचा विषय निघाला की मला सचिन तेंडुलकर आठवतो. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ मध्ये त्याला फियाटकडून फेरारी मिळाली, तीही मायकेल शूमाकरच्या हातून. पुढे तिच्या आयात शुल्काच्या माफीवरून केवढं वादळ उठलं होतं! अखेर शुल्क कंपनीने भरलं. २०११ मध्ये ती फेरारी सुरतच्या एका उद्योजकाकडे गेली. आणि २०२० मध्ये हाच सचिन सांगत होता की माझी पहिली मारुती ८०० आज ज्यांच्याकडे असेल, त्यांनी मला कळवावं. फेरारीसाठी त्याने असं आवाहन केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. त्याला निदान दोन्हींत निवड होती. माझी पहिली तीच आणि पळणारीही तीच.

आता त्या तिसऱ्या मुद्द्याकडे येते. बाईमाणसाला हवी कशाला?

आमच्या भागात बैलगाडा शर्यतींचं वेड काय आहे, ते पुणे जिल्ह्यातल्या वाचकांना सांगायला नको. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये परत सुरू करायची परवानगी मिळाली. मधली साडेसात वर्षं कित्येकांनी शर्यतीचे बैल दावणीला बांधून पोसले. ना नांगराला, ना गाडीला. खुराक मात्र पैलवानाचा. आणि त्यांचं शेण काढायला, पाणी पाजायला घरच्या बायका होत्याच. त्या मालकांना कुणी विचारलं का, की बाबा, याचा उपयोग काय? उलट ‘नाद करायचा नाय’ म्हणून पाठीवर थाप! माझा बैलांवर राग नाही. जनावरावर जीव लावणारा माणूस मला आवडतोच. पण पुरुषाचा तो नाद आणि बाईचा तो नखरा, हे काही मला पटत नाही. हौसेला मोल नाही म्हणतात. बाईच्या हौसेला मात्र येणारा-जाणारा भाव विचारतो.

आणि माझी हौस तरी केवढी? आठवड्यातून दोनदा बँकेच्या, नाहीतर मालाच्या कामाला शिरूरला जाते. न्हावऱ्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये टर्बोची बारीकशी शिट्टी येते आणि सीट पाठीला रेटा देते. वेगमर्यादा पाळूनच हं! त्या पाऊण तासात मला कुणी चहा मागत नाही, खताचा भाव विचारत नाही, संध्याकाळी भाजी काय करायची ते विचारत नाही. येताना मी वेगळी असते, असं लेक म्हणते. तिला पुढच्या वर्षी लायसन्स काढायचंय, तेव्हा तिच्या बोलण्यात थोडा स्वार्थ धरायला हवा.

परवा रात्री जेवताना मी एक प्रश्न विचारला. सासूबाईंसाठी उंच गाडी आणायला हवी, यात वाद नाही. त्यासाठी घरातलं काहीतरी काढावं लागेल, तेही बरोबर. पण दारात ट्रॅक्टर, स्प्लेंडर, बुलेट आणि माझी गाडी अशी चार वाहनं उभी असताना काढायची ती माझीच, हे कधी ठरलं? ट्रॅक्टर शेतीला लागतो, स्प्लेंडर रोज पळते. बुलेट यात्रेला आणि लग्नाला निघते, बाकी वर्षभर पुसायची. सगळे ताटात बघत बसले. मग सासूबाईच म्हणाल्या, ‘बुलेटवर तर मला बसताबी येत न्हाई.’

तूर्त ठरलंय ते असं. साधी, उंच बसणीची, वापरलेली गाडी बघायची आणि ती सासूबाईंनी निवडायची, स्वतः बसून-उतरून. पैशांसाठी बुलेटच्या मालकांशी बोलणी सुरू आहेत; ते अजून घुश्शात आहेत. माझी गाडी २०३१ पर्यंत ठेवायची. अट एकच, ती मीच घातलीय. ज्या वर्षी दुरुस्तीचा खर्च तिच्या बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्यावर जाईल, त्या वर्षी गिऱ्हाईक मी स्वतः शोधणार. पुढच्या महिन्यात टायमिंग बेल्ट बदलायचाय. त्याचे पैसे दुकानाच्या गल्ल्यातून बाजूला काढून ठेवलेत.