फुकटाची चटक

मार्च 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने राष्ट्रीय हिशेबाची नवी पद्धत मान्य केली. त्यानुसार डेटा ही आता उत्पादित मालमत्ता धरायची आहे. छान झाले! पण ही मालमत्ता तयार करणाऱ्या बाईचा हिशेब कोण ठेवणार?

कुठल्याही अंगणवाडीत जाऊन पाहा. मार्च 2021 पासून सेविकेच्या मागे ‘पोषण ट्रॅकर’ हे सरकारी ॲप लागले. बाळाचे वजन, उंची, हजेरी, आहार, गरोदर बाईची नोंद, सगळे तिने मोबाइलवर भरायचे. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले, तेव्हा आपल्यापैकी किती जण त्यांच्या बाजूने उभे राहिले? त्यांना पगार नाही, मानधन मिळते. त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्कसुद्धा 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावा लागला.

‘सेवेचे मोल पैशात करू नये,’ असे सांगणारे सद्गृहस्थ स्वतःच्या वेतन आयोगाची तारीख मात्र कधी विसरत नाहीत. सासूला न सांगितलेले दुखणे सून सेविकेला सांगते, तो विश्वास कोणत्याही ॲपला मोजता येणार नाही, हे खरेच. पण मोजता येत नाही म्हणून त्याचे दाम शून्य लावायचे, हा कुठला न्याय? तोंडाने अमोल म्हणायचे आणि हाताने फुकट घ्यायचे, ही आपली जुनी लबाडी आहे.

ती घरातच शिकवली जाते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवतात, पुरुष 88. हे कष्ट राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत. नव्या पद्धतीने डेटाला आत घेतले, पण चूल मुख्य हिशेबाबाहेरच ठेवली. आईचे कष्ट फुकट घेत वाढलेला मुलगाच पुढे साहेब होतो आणि सेविकेने रात्री जागून भरलेल्या नोंदी फुकट घेतो. त्याला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण आपल्यालाही वाटत नाही.

म्हणून ॲपवर गेलेला प्रत्येक तास कामाचा तास धरा आणि त्याचे पैसे द्या. सेविकेला कर्मचाऱ्याचा दर्जा द्या. तिच्या कामाची पारख करायची असेल, तर भरलेले रकाने मोजण्याआधी गावातल्या बायांना विचारा की अडीअडचणीला त्या कोणाकडे धाव घेतात. एवढे जमणार नसेल, तर महिला दिनी त्यांच्या सत्काराचे मंडप घालू नका.