वाफाऱ्याचे यंत्र आणि सत्त्वाची वाटी

चिकित्सापत्रावर आपण ‘दिवसातून दोनदा वाफारा’ एवढे लिहितो आणि पुढील सर्व गोष्टी रुग्णावर सोपवितो. कोणते द्रव्य, किती मात्रेत, यंत्राच्या कोणत्या भागात घालावयाचे आणि तो भाग नंतर कसा धुवावयाचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या तीन शब्दांत नसते. पातेल्यात पाणी उकळून, मूठभर तुळशीची पाने टाकून डोक्यावर चादर घेण्याची रीत होती, तोवर ही मोघमता खपून गेली. आज घरोघरी हातात मावणारे विजेवरचे यंत्र आहे आणि त्यात पानांऐवजी सत्त्वे, तेलांच्या कुप्या व कॅप्सूल पडत आहेत. अशा वेळी यंत्राची वाटी, नळी व मुखवटा ही चिकित्सेचीच अंगे मानून त्यांची जबाबदारी वैद्याने स्वीकारली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा विचार काही नवा नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात धूमनेत्राचे वर्णन आहे. ते सरळ, तीन पेरांचे असावे, त्याच्या अग्राचे छिद्र बोराच्या आठळीएवढे असावे आणि लांबी रुग्णाच्याच अंगुलांनी मोजावी. वैरेचनिक धूमासाठी २४, स्नैहिकासाठी ३२, तर प्रायोगिकासाठी ३६ अंगुले. कारणही तेथेच दिले आहे : दुरून आलेला, पेरांमध्ये अडलेला व नळीतून बारीक झालेला धूम इंद्रियांना बाधत नाही. चौदाव्या अध्यायातील नाडीस्वेदाची नळी तर मुद्दाम दोन-तीन ठिकाणी वाकविलेली आहे, कारण त्यामुळे बाष्पाचा प्रखर वेग मोडतो आणि त्वचा भाजत नाही. सिद्धिस्थानात बस्तिनेत्राचे जे आठ दोष सांगितले आहेत, त्यांत जीर्ण, शिथिलबंधन व पार्श्वछिद्र हे तीन आहेत. उपकरण जुने झाले, सांधा ढिला झाला वा कडेला भोक पडले, तर ते टाकून द्यावे, इतकी ही साधी व व्यवहारी शिकवण आहे. ज्या शास्त्राने नळीच्या भोकाचा एवढा विचार केला, त्याच्या उपासकांनी प्लास्टिकच्या तडकलेल्या वाटीकडे डोळेझाक करावी हे विसंगत आहे.

आता द्रव्याकडे वळू. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने कोरडा खोकला व घशाच्या तक्रारीसाठी जो उपाय सुचविला, तो ताज्या पुदिन्याच्या पानांचा अथवा ओव्याचा, आणि दिवसातून एकदा घ्यावयाच्या वाफाऱ्याचा होता. बाजाराने पानांची तेले केली, ओव्याचे सत्त्व केले. आणि लोकांनी एकदाचे चारदा केले. पान आणि सत्त्व यांतील अंतर किती आहे, हे आपण रुग्णाला क्वचितच सांगतो. ओव्यात सुगंधी तेल साधारण २ ते ४ टक्के असते आणि त्या तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग म्हणजे सत्त्व. म्हणजे एक गुंज, १२५ मिलिग्रॅम, ओव्याचे सत्त्व स्थूलमानाने दहा ग्रॅम ओव्याची बरोबरी करते. कापूर, पुदिना सत्त्व व ओवा सत्त्व समभाग घेऊन केलेली अमृतधारा तर तिहेरी सत्त्व आहे. ‘चार थेंब टाका’ म्हणताना आपण किती देत आहोत, याचा हिशेब आपल्याला ठाऊक हवा. पुदिना सत्त्वाने नाक मोकळे झाल्याची जाणीव होते खरी. परंतु ती बहुतांशी शीत संवेदनेची किमया असते, नाकातील वाट तेवढ्या प्रमाणात रुंदावलेली नसते. अधिक थेंबांनी अधिक लाभ होतो ही समजूत याच जाणिवेतून जन्मते.

सत्त्व घालावे कोठे, हा यापुढचा प्रश्न. स्वस्त यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत विजेच्या दोन पट्ट्या थेट पाण्यात बुडालेल्या असतात. त्या पाण्यात तेल, कापूर किंवा काढा ओतणे म्हणजे यंत्र बिघडविणे आणि उकळते पाणी तोंडावर उडण्याचा धोका पत्करणे होय. निलगिरीचे तेल काही जातींच्या प्लास्टिकला मऊ करते आणि तडे पाडते, हेही लक्षात ठेवावे. म्हणून ज्या यंत्रास वाफेच्या वाटेवर औषधाची स्वतंत्र वाटी आहे तेच घ्यावयास सांगावे आणि सत्त्व त्या वाटीतच, कापसाच्या लहान बोळ्यावर, एक थेंब घालावे. वाटी नसेल तर नुसत्या पाण्याची वाफ घ्यावी. तिने फारसे काही उणे होत नाही.

तीळतेल, अणुतैल यांसारखी स्थिर तेले तर कोणत्याही वाटीत घालू नयेत. अर्कयंत्र चालविणाऱ्यास हे सांगावे लागू नये की वाफेबरोबर सुगंधी तेल उडते, स्थिर तेल उडत नाही. ते भांड्यात राहते, फेसाळते, चिकटते. नेब्युलायझरमध्ये मात्र प्रकार उलटा होतो. ते यंत्र द्रवाचे सूक्ष्म तुषार करून थेट फुप्फुसात पोहोचविते, आणि तेथे तेल पचत नाही. नाकात घातलेल्या तेलकट थेंबांमुळे होणारा फुप्फुसदाह वैद्यकीय वाङ्मयात १९२५ पासून नोंदलेला आहे. नस्यानंतर घशात उतरलेले तेल थुंकून टाकावे हा आपला नियम येथे किती मोलाचा ठरतो! अमेरिकेत २०१९ मध्ये भांगवर्गीय अर्काच्या धूमनलिका ओढणाऱ्यांत फुप्फुसविकाराची साथच उद्भवली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ मृत्यू निश्चित झाले. संशयाचा मुख्य रोख अर्कात मिसळलेल्या ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटवर होता. पोटात घेण्यास व त्वचेवर लावण्यास जे द्रव्य निर्धोक, तेच श्वासमार्गात घातक ठरले.

परदेशांतील औषधी वेपोरायझरांचे एक वैशिष्ट्य येथे नोंदण्याजोगे आहे. जर्मनीतील टुटलिंगेन येथे बनणाऱ्या अशा यंत्रांत द्रव अर्कासाठी पोलादी तारांची गुंतवळ असलेली छोटी गादी स्वतंत्र मिळते. अर्क तारांवर पसरतो, तापकावर ठिबकत नाही, आणि गादी काढून धुता येते. सत्त्वासाठी वेगळे पात्र आणि त्या पात्राची वेगळी निगा, हे तत्त्व घेण्यासारखे आहे. यंत्र मात्र येथे आणू नये. ‘निकोटिनविरहित हर्बल वेप’ म्हणून काही विक्रेते आपल्या चिकित्सालयांत येतात. २०१९ च्या ई-सिगारेट प्रतिबंधक कायद्याची व्याख्या निकोटिन असो वा नसो, पदार्थ तापवून ओढण्यास तुषार निर्माण करणाऱ्या विद्युत उपकरणास लागू होते. अपवाद फक्त औषधी कायद्याखाली परवाना असलेल्या उत्पादनाचा. तो परवाना पाहिल्याखेरीज अशा वस्तूची शिफारस करणे वैद्यास शोभणारे नाही.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्वच्छता. पुदिना सत्त्व नळीच्या थंड तोंडाशी पुन्हा स्फटिकरूप धरते, तेलांचा चिकट थर वाटीत साचतो. रात्री आजोबांनी अमृतधारेचा वाफारा घेतला आणि सकाळी त्याच यंत्रातून नातवाला ‘नुसती वाफ’ दिली, तर ती नुसती नसते. कापूर बालकांत आक्षेपक उत्पन्न करू शकतो. तान्ह्या मुलांत पुदिना सत्त्वाने श्वास अडखळल्याचे ज्ञात आहे. दोन वर्षांखालील बालकास सत्त्वाचा वाफारा देऊच नये, आणि मोठ्या मुलालाही यंत्र हाती देऊन एकटे सोडू नये.

“पिढ्यान्‌पिढ्या वाफारा घेतला, कोणाला काही झाले नाही,” असा आक्षेप काही ज्येष्ठ घेतील. त्या पिढ्यांनी पाने घेतली, सत्त्वाच्या कुप्या नव्हेत. आणि पातेले रोज राखेने घासले जात होते.

परिषदेने या विषयाचे अर्ध्या पानाचे रुग्णपत्रक छापावे, अशी माझी सूचना आहे. वापरानंतर प्रथम वीज तोडावी, यंत्र निवल्यावर पाणी ओतून द्यावे. वाटी व नळीचे तोंड सुटे करून स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने हे काम शेगडीपासून दूर करावे. बोअरच्या पाण्याने पट्ट्यांवर पांढरा थर बसतो, तो लिंबूसताच्या पाण्यात अर्धा तास भिजवून काढावा, खरडू नये. सत्त्व वापरणाऱ्याची वाटी व मुखवटा घरातील इतरांपासून वेगळा ठेवावा. तडा गेलेली वाटी त्याच दिवशी टाकावी. पत्रकाच्या शेवटी द्रव्याचे नाव, थेंबांची संख्या व दिवस लिहिण्यास एक रिकामी ओळ असावी, आणि ती वैद्याने स्वहस्ते भरावी.