‘सोपे आहे’ हे कोणी ठरवायचे?

प्रशासनावरील लेखांमध्ये व्हिडिओ गेम खेळण्याच्या यंत्राचा विषय आलेला पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. पन्नाशी उलटलेल्या सरकारी अधिकाऱ्याने मुलांच्या खेळण्यात लक्ष घालावे हे अनेकांना शोभणारे वाटणार नाही. तरीही माझे म्हणणे असे की, टीव्हीला जोडलेल्या त्या यंत्राचा मेन्यू हा प्रशासनाचा एक छोटा नमुनाच असतो. कुणीतरी दूर बसून ठरवलेले असते की आपल्यापुढे कोणते पर्याय यावेत, कोणत्या क्रमाने यावेत, आणि आपण चुकलो तर आपले काय व्हावे. नागरिकाचे आणि शासनाचे नाते याहून वेगळे काय आहे?

प्रसंग घरचाच आहे. आमचा मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला गेला आणि त्याचे गेमचे यंत्र आमच्या रायपूरच्या घरी टीव्हीखाली राहिले. यंत्राचे नाव मुद्दाम देत नाही. घरात तबकडी चालवू शकणारे आता तेवढे एकच यंत्र उरले आहे. नागपूरला झालेल्या बहिणीच्या षष्ट्यब्दीची तबकडी पत्नीला पाहायची होती. तिने यंत्र सुरू केले. यंत्राने आधी स्वतःचे अद्ययावतीकरण मागितले, मग खाते आणि परवलीचा शब्द मागितला, मग इंग्रजीतल्या अटी मान्य करायला लावल्या. त्यानंतर जो पडदा आला त्यावर विकत घेण्याच्या खेळांची चित्रे होती. तबकडी कुठेच दिसेना. दोनदा चुकीचे बटण दाबले गेले आणि दोन्ही वेळा ती पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन पडली. मी शेजारी बसून सवयीने मोजत होतो. चित्र सुरू होईपर्यंत एकतीस वेळा बटण दाबावे लागले. मध्येच तिने मुलाला फोन लावला. तो म्हणाला, “आई, अगं सोपं आहे, आधी खाली जा, मग उजवीकडे.” ती म्हणाली, “सोपं असतं तर तुला फोन कशाला केला असता?”

या एका वाक्यात माझ्या तीस वर्षांच्या नोकरीवरची टीका आहे असे मला वाटले. कारण ‘सोपे आहे’ हे आम्ही अधिकारी रोज म्हणतो. नवे संकेतस्थळ आले, नवी ऑनलाइन प्रणाली आली, की वातानुकूलित सभागृहात प्रात्यक्षिक होते. ज्याने प्रणाली बांधली तोच ती चालवून दाखवतो आणि आम्ही माना डोलावतो. जो चालवतो त्याला ती पाठ असते. त्याच्या हातून ती सोपी दिसणारच.

मग मेन्यूची पारख कशी करायची? गेमच्या यंत्रांचा गेल्या दोन दशकांचा इतिहास यासाठी उपयोगी आहे, कारण तिथे हा प्रयोग उघड्यावर झाला. मी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न : कधीही न वापरलेला माणूस एकटा काम पुरे करू शकतो का? २००६ साली आलेल्या निन्टेन्डोच्या ‘वी’ या यंत्राने याचे उत्तर गांभीर्याने शोधले होते. खेळ न खेळणाऱ्या घरातल्या माणसांपर्यंत पोहोचायचे हा त्या कंपनीचा जाहीर उद्देश होता. म्हणून पडद्यावर टीव्हीच्या वाहिन्यांसारखे बारा मोठे चौकोन मांडले आणि हातातला रिमोट नुसता रोखून हवा तो चौकोन निवडता येईल अशी सोय केली. बोट दाखवण्याची क्रिया माणसाला शिकवावी लागत नाही. याउलट खुणांचा अर्थ शिकावा लागतो. सोनीच्या प्लेस्टेशनवर जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गोल म्हणजे ‘होय’ आणि फुली म्हणजे ‘नाही’ असा संकेत होता, कारण तिथल्या शाळेत बरोबर उत्तराला गोल करतात. पाश्चात्त्य देशांत मात्र त्याच बटणांचा अर्थ बहुधा उलटा असे. २०२० साली प्लेस्टेशन ५ आले तेव्हा सोनीने जपानमध्येही फुलीलाच ‘होय’ केले. आपल्याकडे पाहा : शाळेच्या वहीतली फुली म्हणजे चूक, आणि मतपत्रिकेवरच्या शिक्क्याची खूणही फुलीसारखीच, पण ती म्हणजे संमती! तेव्हा ‘हे तर सगळ्यांनाच कळते’ असे कोणत्याही खुणेबद्दल गृहीत धरू नये. भाषेबद्दल तर नाहीच नाही. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ ही यंत्रे २००६-०७ मध्ये भारतात विक्रीला आली तेव्हा त्यांच्या मेन्यूत एकही भारतीय भाषा नव्हती. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना, ज्यांना एटीएमच्या पहिल्याच पडद्यावर मराठीचे बटण शोधूनही सापडत नाही, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रश्न : चूक झाली तर परतीचा रस्ता किती लांब? प्लेस्टेशन ३ चा मेन्यू या बाबतीत शहाणा होता. वर्ग आडव्या ओळीत आणि त्या वर्गातल्या गोष्टी उभ्या ओळीत. त्यामुळे आपण कुठे आहोत हे बऱ्याच वेळा डोळ्यांसमोर राही आणि एक पाऊल मागे म्हणजे खरोखर एकच पाऊल मागे. त्याची सेटिंगची उभी यादी लांबलचक होती अशी तक्रार होई, आणि ती खरीही होती. पण नुसती लांबी हा मोठा दोष नव्हे. विल्यम हिक या मानसशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये दाखवले की, पर्याय वाढले की निवडीला लागणारा वेळ वाढतो, पण त्याच प्रमाणात नाही, पुष्कळ हळू वाढतो. अट एवढीच की पर्याय आणि त्यांच्या जागा माणसाला ठाऊक हव्यात. शब्दकोशात हजारो शब्द असतात, पण क्रम माहीत असल्याने आपण हरवत नाही. मात्र क्रमच माहीत नसेल तर एकेक ओळ वाचत जावे लागते, आणि दहा ओळीही पुष्कळ होतात. ‘सुटसुटीत’ करण्याच्या नावाखाली निम्मे पर्याय कुठल्यातरी कोपऱ्यात दडवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरा प्रश्न : पहिला पडदा कोणाच्या कामासाठी आहे? एक्सबॉक्स ३६० २००५ साली आले तेव्हा त्याचा मेन्यू एकामागे एक सरकणाऱ्या पानांचा होता. २००८ च्या नोव्हेंबरात तो पूर्ण बदलला आणि २०११ च्या डिसेंबरात पुन्हा बदलून चौकोनी ठोकळ्यांचा झाला. या प्रवासात पडद्यावर जाहिरातींनीही जागा पटकावली. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या यंत्राचे दार हळूहळू दुकानाची काच बनले. सरकारी संकेतस्थळांची गत याहून वेगळी नाही. विकायला काही नसले तरी दाखवायला पुष्कळ असते. उद्घाटनांची सरकती छायाचित्रे वर, अभिनंदनाचे संदेश मध्ये, आणि दाखल्याचा अर्ज तळाशी बारीक अक्षरांत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, “सवय झाली की सगळे जमते.” हा युक्तिवाद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तपासायलाच हवा. शिकण्याचा खर्च हा स्थिर खर्च आहे. तो जितक्या वापरांवर विभागला जाईल तितका हलका होतो. समजा, एक मेन्यू शिकायला दोन तास लागतात. गेम खेळणारा मुलगा तो वर्षात तीनशे वेळा उघडतो, म्हणजे दर वेळेला चोवीस सेकंदांचा भार पडतो. निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात देतो. त्याच्यावर पूर्ण दोन तासांचा भार पडतो, आणि पुढच्या नोव्हेंबरापर्यंत तो शिकलेले विसरलेला असतो. वडिलांच्या मृत्यूचा दाखला काढणारा तर ते काम आयुष्यात एकदाच करतो. तेव्हा सवयीचा युक्तिवाद खेळण्याच्या यंत्राला एक वेळ शोभेल. शासनाला तो मुळीच शोभत नाही. उलट निष्कर्ष असा निघतो की, सरकारी मेन्यू गेमच्या मेन्यूपेक्षा कितीतरी पट सोपा असायला हवा. आज बहुतेक ठिकाणी तो त्याहून अवघड आहे.

दुसरा आक्षेप, “ज्याला जमत नाही त्याने केंद्रावर जावे.” आमच्या रायपुरात लोक त्याला चॉइस सेंटर म्हणतात. तिथला तरुण वीस-पन्नास रुपयांत अर्ज भरून देतो आणि प्रामाणिकपणे देतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्याचा धंदा का चालतो ते पाहा. तोच मेन्यू तो दिवसातून चाळीस वेळा उघडतो, त्यामुळे शिकण्याचा खर्च त्याला परवडतो, आपल्याला नाही. आरटीओच्या दारातला दलालही याच हिशेबावर उभा असतो. दलालीला आपण केवळ भ्रष्टाचार म्हणून शिव्या देतो, पण पुष्कळदा ती वाईट मांडणीची बाजारात ठरलेली किंमत असते. ती किंमत शासनाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. एक लाख लोकांचा प्रत्येकी अर्धा तास वाया गेला तर पन्नास हजार तास होतात. आठ तासांच्या दिवसाने सव्वासहा हजार मनुष्यदिवस. एवढ्या रजा कुणी मागितल्या असत्या तर आम्ही चौकशी लावली असती.

मग खेळणीवाल्यांना जे काही प्रमाणात साधते ते आम्हाला का साधत नाही? अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडले होते की, संस्था घसरू लागली की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग असतात : सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. गेमच्या यंत्रांचे ग्राहक दोन्ही करतात. पुढचे यंत्र दुसऱ्या कंपनीचे घेतात आणि तोवर समीक्षणांतून सालटी काढतात. शासनाची खिडकी एकच असते. सोडून जायला दुसरी नाही. जिथे ती देता येते तिथे ती द्यावी. याच रायपुरात २०१२ साली शिधावाटपाची ऑनलाइन व्यवस्था आली तेव्हा कार्डधारकाला धान्य आपल्या पसंतीच्या दुकानातून उचलण्याची मुभा दिली गेली. ‘सोडून जाण्याचा’ हक्क शिधापत्रिकेला मिळाला. पण मृत्यूच्या दाखल्याचे दुसरे दुकान असू शकत नाही. तिथे आवाजाचीच सोय नियमाने करावी लागेल.

हे आपल्याला जमणार नाही असे कुणी म्हणू नये. पाच वर्षांतून एकदा वापरायचा आणि तरीही अक्षरशत्रू माणसालाही एकट्याने वापरता यावा असा मेन्यू आपल्याच देशात झाला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत चिन्हे आली. पुढे मतदान यंत्रात नाव, चिन्ह आणि त्यासमोर एक निळे बटण. दाबले की दिवा लागतो आणि आवाज होतो. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते. एका युनिटवर जास्तीत जास्त सोळा नावे. २०१३ मध्ये छत्तीसगडसह पाच राज्यांच्या निवडणुकांत ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा नवा पर्याय आला, तोही त्याच यादीच्या शेवटी, त्याच पद्धतीने; मतदाराला नवे काही शिकावे लागले नाही. हे घडले कारण मतदाराला सवय नाही हे तिथे आधीच मान्य केलेले होते.

माझी मागणी साधी आहे. कोणतीही सरकारी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी ती कधीही न वापरलेली पाच माणसे जिल्ह्यातून बोलवावीत. त्यांत एक साठीपुढचे, एक कमी शिकलेले आणि एक त्या राज्याची भाषा परकी असलेले असावे. त्यांना एकटे बसवावे. अधिकाऱ्याने मागे बसावे, तोंड उघडू नये आणि बटणे मोजावीत. पाचच माणसे का? मांडणीशास्त्रातले जेकब निल्सन यांनी २००० सालीच दाखवले की, बहुतेक ढोबळ दोष पाच माणसांतच उघडे पडतात. ते दुरुस्त होईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता थांबवावा आणि मोजलेला आकडा संकेतस्थळावरच छापावा. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत. पण कागदावरचे निकष तपासणाराही अखेर सरावलेलाच माणूस असतो, ही त्यातली खरी मेख आहे.

तोवर वाचकांनी एक करावे. पुढच्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला एखादा सरकारी अर्ज भरायचा असेल तेव्हा त्यांच्या हातून माउस काढून घेऊ नका. मागे बसा, गप्प राहा, मोजा. किती बटणे, किती वेळा मागे यावे लागले, कुठे अडले, हे एका कागदावर लिहा आणि संबंधित कार्यालयाला टपालाने पाठवा. आम्हा अधिकाऱ्यांना शिव्यांची सवय आहे. आकड्यांना मात्र उत्तर द्यावे लागते.