पदाशिवायचे पुढारीपण

हायस्कूलमध्ये ‘नॅशनल ऑनर सोसायटी’त निवड झाली की आपल्या घरी पेढे वाटले जातात. ही संस्था १९२१ साली सुरू झाली. निवडीच्या कसोट्या चार: अभ्यास, नेतृत्व, सेवा आणि चारित्र्य. अभ्यासाचे माप सोपे आहे. ४ पैकी निदान ३.० सरासरी हवी; काही शाळा त्याहून जास्त मागतात. बाकीचे शाळेतील ५ शिक्षकांची समिती ठरवते.

अडचण येते ती नेतृत्वापाशी. फॉर्म भरताना मुले क्लबचे अध्यक्षपद, टीमचे कप्तानपद लिहितात आणि थांबतात. पण आपल्या शाळांत अनेक देशांतून आलेल्या घरांची मुले आहेत. कोणी दवाखान्यात आईसाठी दुभाष्याचे काम करते, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळून त्यांचा अभ्यास घेते. शाळा सुटल्यावर त्यांना क्लबसाठी थांबता येत नाही. म्हणून ती पुढारी नाहीत का? शिक्षकांना जे दिसतच नाही, ते ते मोजणार कसे?

आपल्या वर्गातही मोठी मुले लहानांना बाराखडी शिकवतात. मुलांनो, हे फॉर्मवर जरूर लिहा आणि बाईंकडून तसे पत्र मागून घ्या.

पालकांना एक विनंती. केवळ फॉर्मसाठी मुलांच्या मागे पदांचा लकडा लावू नका. त्यापेक्षा शाळेच्या सभेला जा आणि विचारा: ज्याला पद नाही, त्याचे काम तुम्ही कसे मोजता? हा प्रश्न आपल्या मुलासाठी विचाराच, पण त्याच्या शेजारच्या बाकावरच्या मुलासाठीही विचारा.