कॅडमसचा प्रश्न बरोबर, उत्तर चूक

'जस्टिस लीग अनलिमिटेड'चा 'फ्लॅशपॉइंट' (२००५) हा एपिसोड परत पाहिला. सुपरहिरो उद्या उलटले तर काय, या भीतीपोटी अमांडा वॉलरची 'कॅडमस' ही गुप्त सरकारी संस्था गुपचूप शस्त्रं तयार करतेय. भीती अगदीच खोटी नाही राव! हिरोंच्या अवकाशतळावर तोफ आहेच. लेक्स लूथर ती हॅक करून कॅडमसवरच डागतो. आमच्या भाषेत सांगायचं तर रूट पासवर्ड मोजक्यांकडे, ऑडिट शून्य. पण मग वॉलरबाईंचं ऑडिट कोण करणार? तेही गुप्तच! म्हणून मला पटलं ते पुढच्या भागातलं सुपरमॅन मंडळींचं स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होणं. ताकद आहे त्यानं हिशोब द्यायलाच हवा. 'आमची नियत साफ आहे' हा काही हिशोब नव्हे, बॉस.