एकट्याचं जेवण

टोकियोतल्या बऱ्याच रामेनच्या दुकानांत आधी पैसे, मग जेवण. दारातच एक यंत्र असतं. नोट घालायची, हव्या त्या पदार्थाचं बटण दाबायचं, बाहेर आलेली चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. टिप द्यायची पद्धतच नाही. थोड्या वेळात वाफाळता बाउल समोर येतो आणि पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही बाहेर. प्रोजेक्टसाठी आठ महिने तिथे होतो, तेव्हा ऑफिसजवळच्या दहा खुर्च्यांच्या दुकानात आठवड्यातून दोनदा तरी जायचो. बहुतेक गिऱ्हाइकं माझ्यासारखीच एकटी. नूडल्स सूपमध्ये फार वेळ राहिल्या की फुगतात, म्हणून सुर्रकन ओढून खायच्या, आवाज झाला तरी चालतो. आमच्याकडे कढीचा भुरका मारला तरी आजी डोळे वटारायची!

या नूडल्स पिवळसर दिसतात म्हणून त्यांत अंडं असणार असं वाटतं. पण बऱ्याचदा तो रंग आणि ती लवचीकता 'कान्सुई' नावाच्या क्षाराची असते. आपल्या पापडखाराचाच भाऊबंद म्हणा. खीचू खाणाऱ्या वडोदेकरांना वेगळं सांगायला नको.

फुकुओकाची तऱ्हा आणखी मजेशीर. तिथला रस्सा डुकराची हाडं तासन्‌तास उकळून दुधासारखा पांढरा केलेला. नागाहामाच्या मासळीबाजारातल्या माणसांना जेवायला वेळ नसायचा, म्हणून नूडल्स बारीक, पटकन शिजणाऱ्या, आणि एका वेळी थोड्याच. त्या संपल्या की उरलेल्या सूपमध्ये दुसरा गोळा मागून घ्यायचा, त्याला 'काएदामा' म्हणतात. 'अजून एक वाढू का?' असं विचारणारं कोणी नाही. भूक आपली, मागायचंही आपणच.

हे सगळं मी आईला फोनवर सांगायचो. बाबा गेल्यापासून ती दांडिया बाजारच्या घरात एकटी असते. 'तू काय जेवलीस?' विचारलं की उत्तर ठरलेलं, 'दूध-पोहे. एकटीसाठी कुठे गॅस पेटवायचा?' ज्या बाईने तीस वर्षं आल्या-गेल्याला पानावर बसवलं, ती ही! वजन उतरत चाललेलं मला व्हिडिओवरही दिसत होतं. शेवटी पंधरा दिवसांसाठी तिला टोकियोला नेलं.

आई पक्की शाकाहारी, आणि इथे जाणाऱ्या शाकाहाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा: वर भाज्यांचा डोंगर असला तरी खालचा रस्सा बहुतेक वेळा हाडांचा किंवा मासळीचा असतो. 'मांस नको' सांगितलं तर वरचा तुकडा निघेल, रस्सा तोच राहील. म्हणून तिला टोकियो स्टेशनात, तिकिटाच्या फाटकाच्या आत असलेल्या 'टीज तानतान'मध्ये नेलं. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच वापरत नाहीत. तिळाचा दाट रस्सा आईला आवडला. 'शेंगदाण्याचं कूट घातलं असतं तर जरा बरं झालं असतं,' एवढीच सूचना.

शेजारी सत्तरीची एक बाई एकटीच आली. पर्स नीट ठेवली, हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत जेवली. आईचं स्वतःच्या बाउलपेक्षा तिच्याकडेच जास्त लक्ष.

'हिच्याबरोबर कोणी नाही का रे?'

'नसेल.'

'आणि तरी इतकं गरम गरम...' आई थांबली. मग किंमत विचारली, रुपयांत हिशेब केला आणि मलाच रागावली.

वडोदऱ्याला परतल्यावर महिनाभराने तिचा फोन आला. वरणफळं केली होती, एका माणसाची. 'एवढ्याशा वरणात मिठाचा अंदाजच येत नाही रे,' अशी तक्रार. मूठभर कणकेतलीही दोन फळं उरली म्हणे, ती सकाळी परतून खाल्ली. त्या आठवड्यात एकदा मुगाची खिचडी झाली, एकदा थालीपीठ.

काल मात्र परत दूध-पोहेच होते. मी काही बोललो नाही. आज संध्याकाळी पुन्हा विचारणार आहे.